चकतीवरच्या रेघा

काका: हळू गं, हळू! ती थाळी आहे टर्नटेबलची. पोतं नव्हे दाणकन आदळायला.

बारकी: काका, थाळी केव्हाच बसली. तुम्हीच डोळे मिटून बसला होतात.

काका: मिटले नव्हते. ऐकत होतो, बसताना बेअरिंगमध्ये आवाज होतोय का ते.

बारकी: झाला?

काका: नाही झाला.

बारकी: मग सोडा ना श्वास. नवी मोटर बसली, नवा पट्टा बसला, आर्म नवा, सुई नवी. जुनं सगळं काढून या ताटलीत ठेवलंय, टाकू नका. आता लाकडी खोकं आणि थाळी सोडली तर तुमच्या यंत्रात जुनं असं काही उरलं नाही.

काका: मी उरलोय की.

बारकी: तुमचे सुटे भाग मिळत नाहीत.

काका: बापासारखीच वाह्यात आहेस! तो पण असाच, तोंडात स्क्रू धरून टोमणे मारायचा. तू तेव्हा दुकानात स्टुलाखाली बसून पडलेले स्क्रू वेचायचीस. बारकी म्हणायचा तुला. आता केस पिकायला लागले तुझे, आणि नाव बारकीच.

बारकी: बाबा गेले तरी गिऱ्हाईक दारातून हाच आवाज देतं, "बारकी आहे का?" पाटीवर माझं खरं नाव रंगवून घेतलंय, ते कोणी वाचतच नाही. बरं, एक विचारू? राग नाही ना यायचा?

काका: विचार. येईल तेव्हा बघू.

बारकी: यंत्र चांगलं चालत होतं. आजकाल असं पाहायला मिळत नाही कुठे. मग एवढा खटाटोप कशासाठी? मोटर कुठून कुठून मागवलीत, आर्मसाठी किती महिने वाट पाहिलीत.

काका: चालत होतं. पण पोकळ वाजायचं.

बारकी: पोकळ म्हणजे कसं? खालचा आवाज कमी? वरचा?

काका: ते सांगता आलं असतं तर मीच नसतं का केलं दुरुस्त? ही गेली, त्याच्यानंतर लक्षात आलं माझ्या. घरात माणसाचा वावर असला की कान इकडेतिकडे जातो. आता चिटपाखरू नाही. मी इकडे खुर्चीत, हे यंत्र समोर. रोज संध्याकाळी लावतो आणि रोज वाटतं, मधेच कुठेतरी काहीतरी गळतंय. तारा बदलल्या. सुई बदलून पाहिली. स्पीकरखाली फरशीचे तुकडे घातले. तरी तेच. म्हटलं, आता एकदा मुळालाच हात घालू.

बारकी: आणि तरी नाही गेलं तर?

काका: तर देऊन टाकायचं. मुलगा मागे लागलाच आहे, "बाबा, सगळी गाणी फोनवर मिळतात, ते धूड काढा घरातून." काढीन मग. जिवाचा कान करून बसायचं आणि पदरात काही पडायचं नाही, कंटाळलो गं मी. तुझ्या हातून जमलं तर ठीक. नाहीतर तूच घेऊन जा दुकानात.

बारकी: असं नका बोलू. आधी वेग तपासू, मग काय ते. माझी चकती पिशवीत आहे.

काका: तुझी कशाला? घरची आहे ना! थांब, ड्रॉवरमध्ये मऊ फडक्यात गुंडाळलीय. हे बघ. तुझ्या बापाने हाताने काढलेली. एकेक रेघ बघ. छापील वाटेल.

बारकी: बाबांचीच. शेवटची रेघ जरा जाड, दिसली? उरलेली शाई तिथे संपवायचे.

काका: तो दर सर्व्हिसिंगला नवीन आणायचा. म्हणायचा, "साहेब, जुनी मळली." असली टापटीप. थाळीवर ही ठेवायची, तुमचा तो लुकलुकणारा दिवा वर धरायचा. वेग बरोबर असला की थाळी फिरत असूनही रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. उभ्या राहिल्या की मी म्हणायचो, पास! त्याशिवाय त्याला चहा नाही.

बारकी: माहितीये. घरी येऊन नक्कल करायचे तुमची. असं पोट पुढे काढून, "पास!"

काका: करू दे. वजनमापं खात्यात जन्म गेला माझा. भल्याभल्यांच्या दुकानात शिरून तराजू उचलून आणलेत. बाजारात मी दिसलो की वजनांवर फडकी पडायची. माझ्या घरात खोटं माप चालत नाही.

बारकी: बरं साहेब. धरते दिवा. दाबा बटण.

काका: दाबलं.

बारकी: घेऊ दे वेग जरा... आता बघा.

काका: पळतायत.

बारकी: अं?

काका: रेघा पळतायत! पुढे पुढे चालल्यात. तुला दिसत नाही? जोरात फिरतंय हे. मोटर चुकीची बसवलीस तू.

बारकी: चुकीची बसेल कशी, एकच जागा आहे तिला. थांबा, पट्टा बघते. पट्टा ठीक आहे. वीजही बरोबर येतेय. माझी चकती ठेवून बघू?

काका: ठेव. तिच्यावरही पळतील.

बारकी: ... उभ्या आहेत.

काका: काय?

बारकी: या इकडे, वाका जरा. माझ्या चकतीवर एक रेघ हलत नाहीये.

काका: मग तुझी चकती खोटी. कुठल्यातरी छापखान्यातून आणलेली असणार, ढीगभर छापून टाकतात.

बारकी: याच चकतीवर रोज यंत्रं लावून देते मी, काका. एकाची तक्रार नाही.

काका: म्हणजे तुझा बाप चुकला म्हणतेस?

बारकी: बाबा? बाबा चुकायचे नाहीत.

काका: हां! मग?

बारकी: तेच तर कळत नाहीये. एकीवर एक ठेवून बघू. ही खाली, माझी वर, मधलं भोक जुळवून... बघा काका. काठाला बघा. बाबांच्या रेघा दाट आहेत. जास्त आहेत.

काका: जास्त कशा असतील? ... आहेत खऱ्या.

बारकी: रेघा जास्त, म्हणजे थाळी हळू फिरली तरच उभ्या दिसणार. ही चकती हळू वेगासाठी काढलीय.

काका: आणि यंत्र तर इतकी वर्षं हिच्यावर पास होत होतं.

बारकी: होय. म्हणजे यंत्रच हळू फिरत होतं. जुनी मोटर द्या इकडे. ती, ताटलीतली. तिच्या टोकाची ही पितळी पुली, हिच्यावरून पट्टा जातो. ही बारीक झाली की थाळी मंदावते. तुमच्याकडे कॅलिपर असेल ना?

काका: असेल ना काय विचारतेस! हातपाय गेले तरी कॅलिपर सोडणार नाही मी. आण ती नवी मोटर, आधी तिची पुली मापतो. हं. आता जुनी. ... बारीक आहे.

बारकी: किती?

काका: नखाच्या जाडीइतकी. म्हणजे चांगलीच. वर्षानुवर्षं पट्टा फिरून झिजली असेल.

बारकी: पट्टा रबराचा, काका. त्याने पितळ एवढं नाही झिजत. हिला बोट लावून बघा, कशी गुळगुळीत आहे सगळीकडून. ही लेथवर कातून उतरवलीय. कड मोडलीय बघा, ही अशी. अशी कड फक्त बाबा मोडायचे, म्हणायचे, कापता कामा नये कोणाचं बोट.

काका: म्हणजे मुद्दाम?

बारकी: मुद्दाम.

काका: पुली मुद्दाम खोटी, आणि ती पकडली जाऊ नये म्हणून चकतीही खोटी काढून दिली? दर वेळी नवी! माझ्या घरात, माझ्यासमोर बसून डोळ्यांत धूळ फेकली माझ्या! आणि वर मी त्याला चहा पाजत होतो!

बारकी: काका, बसा आधी.

काका: बसतो कसला! सख्ख्या भावासारखा समजत होतो त्याला. काय मिळालं त्याला यातून? मला बावळट बनवून हसत असेल दुकानात!

बारकी: बाबा तुम्हाला हसायचे, ते पोट काढून पास म्हणता त्याला. पण असं कुणाचं यंत्र बिघडवून हसणाऱ्यातले नव्हते. हे त्यांच्या मनाने केलेलं नाही.

काका: मग कोणाच्या मनाने?

बारकी: सांगू का नको, तेच बघतेय. मला आत्ता, या मिनिटाला, लागतोय सगळ्याचा मेळ. काकू दुकानात यायच्या आमच्या.

काका: ही? शक्यच नाही. तुमच्या दुकानाला ती भंगारखाना म्हणायची. मी तिकडे निघालो की नाक मुरडायची.

बारकी: तुमच्यासमोर मुरडत असतील. सर्व्हिसिंगच्या आधी हमखास एक फेरी असायची त्यांची. लेथजवळच्या खुर्चीवर बसायच्या, पिशवी मांडीवर घेऊन. बाबा रेकॉर्ड लावायचे, निळ्या कव्हरची. काकू तिच्याबरोबर गायच्या, अगदी बारीक आवाजात. एका जागेशी आल्या की थांबायच्या, मान हलवायच्या. मग बाबा थाळीच्या कडेला बोट टेकवून वेग जरा उतरवायचे आणि पुन्हा तीच जागा. "अजून थोडं," म्हणायच्या. पुन्हा बोट. मग एकदा म्हणायच्या, "हां, इथे पोचते मी." की बाबा लगेच नवी पुली कातायला लेथ चालू करायचे. मी स्टुलाखाली. मला वाटायचं, काकू गाणं शिकायला येतात.

काका: निळ्या कव्हरची.

बारकी: हो.

काका: दुसरं कडवं संपतं आणि गाणारी एकदम वर जाते. ती जागा. ही स्वयंपाकघरातून तिच्याबरोबर तो सूर लावायची, हातातलं काम न थांबवता. लग्न झाल्यापासून. वय झालं तसा फाटायला लागला. एकदा मी या खुर्चीतून ओरडलो, "अगं, चिरकतेस! गाणं तरी ऐकू दे." थट्टेने म्हटलं होतं. त्याच्यानंतर किती दिवस तिकडून नुसता नळाचा आवाज. मला वाटलं, येईल आपोआप. आणि आलाच की गं! एका संध्याकाळी लागला सूर, अगदी चपखल. मी काय म्हटलं असेन?

बारकी: काय?

काका: "बघ, बोललो म्हणून सुधारलीस." हात पुसत दारात आली, म्हणाली, "हो ना. तुमचा कान म्हणजे कान."

बारकी: अगं बाई! आणि तुम्ही खूश.

काका: आठवडाभर खूश! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. हसतेस काय?

बारकी: तुम्ही पण हसताय.

काका: हसू नाही तर काय करू? खोट्या वजनाला हात लावला की कळायचं मला. आणि इथे अख्खं घर वजनात कमी, आणि मी खुर्चीत बसून पास, पास! पुढे पुढे तिचा दम कमी झाला. दोन खोल्या चालली तरी धाप. पण सूर नाही चुकला. मी मनात म्हणायचो, काय बाई आहे, दुखण्यातसुद्धा पोचते. आणि गाणीही हल्ली निवांत वाटायची मला. वाटायचं, आपणच पिकलो, आता सगळंच निवांत.

बारकी: म्हणजे त्या उतरत गेल्या तसं बाबा यंत्र उतरवत गेले.

काका: आणि मला कोणी बोललं नाही.

बारकी: बोलल्या असत्या तर तुम्ही करू दिलं असतं?

काका: नाही. वेग म्हणजे वेग, म्हटलं असतं.

बारकी: अजून एक आहे. बाबा गेल्यावर काकू आल्या होत्या दुकानात. एकदाच. रिक्षातून उतरायलाच वेळ लागला त्यांना. मी म्हटलं, काही दुरुस्तीला आणलंय का? तर म्हणाल्या, "तुला लेथ येतो का गं?" म्हटलं, येतो की, बाबांनीच शिकवला. "बरं झालं," म्हणाल्या. "सांगीन मग." पाणी प्यायल्या आणि गेल्या. परत काही आल्या नाहीत. मला तेव्हा काही कळलंच नाही, काका. कळलं असतं तर मी घरी येऊन करून दिलं असतं.

काका: तेव्हा शेवटचे दिवस होते. एकदा त्या जागेपाशी नुसते ओठ हलले तिचे. मला वाटलं, झोप येतेय.

बारकी: पाणी आणू?

काका: नको. रेकॉर्ड लाव. निळी, पहिल्या कप्प्यात आहे. नव्या मोटरवर, तुझ्या चकतीच्या वेगाने. खरं माप कसं वाजतं ते तरी ऐकू दे मला.

बारकी: लावते. सुई नवी आहे, पहिल्यांदा जरा कडक वाटेल.

काका: ... ही कोण?

बारकी: तीच गाणारी.

काका: एवढी तरुण?

बारकी: असेल की तेव्हा तरुण.

काका: किती लगबग चाललीय तिची. आणि स्वच्छ किती! श्वास घेतलेला ऐकू येतोय. कुठे गळत नाही, कुठे फट नाही. छान केलंस गं काम. खरंच छान केलंस.

बारकी: मग असं तोंड का?

काका: दुसरं कडवं येऊ दे... हे बघ, गेली वर. एकटीच गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्या हिला उभं राहायला कुठे जागाच नाही यात.

बारकी: बंद करू?

काका: कर. बारकी, ते पोकळ वाजायचं ना, ते यंत्र नव्हतं गं. ती तिची जागा होती. गाणं तिच्यासाठी खाली थांबायचं आणि ती यायची नाही. मी वेडा, तारा बदलत बसलो.

बारकी: जुनी मोटर परत बसवू? पुली तिच्यासोबतच येते. आर्म आणि सुई नवीच ठेवते.

काका: चालेल ना असं? जुन्यात नवं?

बारकी: न चालायला काय झालं? बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते.

काका: मग बसव. नव्या सुईने ती जागा तरी नीट ऐकू येईल. तोवर मी चहा ठेवतो.

(जुनी मोटर परत बसते. निळ्या कव्हरची रेकॉर्ड लागते. ट्रेमध्ये तीन कप आहेत. काका एक उचलून आत ठेवून येतात.)

बारकी: काका, या लवकर. दुसरं कडवं संपत आलं.

काका: आलो, आलो. श्श. आता... आता बघ... इथे. ऐकलंस?

बारकी: खोटं नाही बोलत. मला फक्त गाणारी ऐकू आली.

काका: हो. मलाही. पण थांबली होती जरा, नाही?

बारकी: थांबली होती.

काका: करमत नाही गं मला. कालपासून तोंड उघडलं ते आज तू बेल वाजवलीस तेव्हा. आधी घसा खाकरून बघितला, आवाज येतोय का.

बारकी: मी येत जाईन ना. सर्व्हिसिंगला.

काका: यात आता काय बिघडणार आहे? मोटर सोडून सगळं तर नवं घातलंस.

बारकी: पट्टा सैल पडतो.

काका: पट्टा आजच बदललास.

बारकी: मग चहाला येईन. तुमच्या चहात साखर बेताची असते, ती तेवढी सुधारा. आणि हे टर्नटेबल मी दुकानात नेत नाही हां, सांगून ठेवते. मुलाला सांगा, धूड इथेच राहणार.

काका: सांगतो. ही नवी मोटर खोक्यात घालून ठेव. तिची काही चूक नाही बिचारीची.

बारकी: ठेवली. निघते मी. कप राहू देत, मी विसळून जाते.

काका: मी विसळीन. नळ चालू केला की घरात बरं वाटतं. अगं थांब, तुझी चकती राहिली इथे.

बारकी: असू दे. कधी वेग तपासावासा वाटला तर.

काका: तपासायला आहे माझ्याकडे, तुझ्या बापाची. ही तू घेऊन जा, पोरी. खोटं माप नको घरात.